टर्बो डिझेल ट्रकला एक्झॉस्ट पाइप किती इंची घालावा?

कळंबोलीतून स्टीलच्या कॉइल भरून बोरघाट चढणारे, उरणहून कंटेनर ओढणारे, भिवंडीच्या गोदामांत फेऱ्या मारणारे मालक आणि ड्रायव्हर आमच्या वर्कशॉपमध्ये येतात. त्यांतले बरेच जण गाडीतून उतरल्या उतरल्या सांगतात, "गाडी ओढत नाही, चार इंची पाइप टाकून द्या." पाइप टाकणं हे आमचं रोजचं काम आहे. पण खूपदा गाडीला त्याची गरजच नसते, आणि असते तेव्हा तो कुठून कुठपर्यंत बदलायचा हे आधी कळावं लागतं. ते कळावं म्हणून हे माहितीपत्रक. ड्रायव्हरलाही वाचायला द्या, कारण गाडीचं दुखणं त्यालाच आधी कळतं.

बीएस-६ गाडी असेल तर

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम पाळणाऱ्या) डिझेल ट्रकच्या एक्झॉस्टमध्ये युरियाची फवारणी, काजळीचा फिल्टर, तापमानाचे आणि नॉक्सचे (धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइड वायूंचे) सेन्सर असतात. इंजिनाचा कॉम्प्युटर त्यांच्याकडून माहिती घेऊन डिझेल सोडतो. यातलं काहीही आम्ही कापत नाही, पोकळ करत नाही. कंपनीनं ठरवून दिलेली रचना बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नं मनाई आहे, आणि तसं नसतं तरी आम्ही हे केलं नसतं. रस्त्यावर आपलीच मुलं चालतात. जुन्या गाडीचा सायलेन्सर काढून नुसता सरळ पाइप घालण्याचं कामही आम्ही घेत नाही.

पुढचं सगळं साध्या टर्बोच्या जुन्या गाड्यांबद्दल आहे. टर्बो म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा भरणारा पंखा.

"थोडं बॅक प्रेशर लागतंच" हे खरं आहे का?

बॅक प्रेशर म्हणजे पाइपात अडलेल्या धुराचा इंजिनावर उलटा येणारा दाब. तो लागतोच हे टर्बो डिझेलसाठी खरं नाही. टर्बोचं चाक फिरतं ते त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातल्या फरकावर. पलीकडे, म्हणजे पाइप आणि सायलेन्सरच्या बाजूला, दाब जितका कमी तितकं चाक मोकळं फिरतं, हवा लवकर भरते आणि धूरही कमी तापतो. ही समजूत बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनांवरून आली. तिथं बारीक पाइपात धुराचा वेग टिकतो आणि तो सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेतो. तिथंही उपयोग वेगाचा असतो, दाबाचा नाही.

मग सरसकट मोठा पाइप का घालू नये? आकडे पाहा. तीन इंचीचा चार इंची केला तर तोंडाचं क्षेत्रफळ पावणेदोनपट होतं, आणि तेवढाच धूर नेताना सरळ पाइपातला दाब जेमतेम चौथा हिस्सा उरतो. हा फायदा मोठा आहे. पण पहिल्या तीन इंची पाइपात जर दाब मुळातच थोडा असेल, तर थोड्याचा चौथा हिस्सा करून हाती काय लागणार?

साधारण अंदाज असा. १३० हॉर्सपॉवरपर्यंत तीन इंची पुरतो. तिथून २३० पर्यंत साडेतीन किंवा चार इंची. ३०० च्या आसपास चार इंची चालतो, पण पाइप लांब आणि वळणांचा असेल तर पाच इंचीचा विचार करावा. २०० हॉर्सपॉवरच्या गाडीला पाच इंची घातला तर इंजिनाचं नुकसान होत नाही, पण पैसा आणि वजन वाढतं, आवाज घुमतो, धूर लवकर थंड होऊन आत पाणी सुटतं आणि पावसाळ्यात पाइप आतून गंजायला लागतो. शिवाय चासीत जागा मिळत नाही. एअर टँक, ब्रेकचे पाइप, प्रोपेलर शाफ्ट या सगळ्यांपासून तो लांब राहिला पाहिजे, आणि तेही माल भरून पाटे बसल्यावर.

इंच म्हणताना कोणता इंच हेही पाहा. एक्झॉस्टचा चार इंची पाइप बाहेरून १०१.६ मिमी असतो. पाण्याच्या पाइपलाइनचा चार इंची बाहेरून ११४.३ मिमी भरतो. दुकानातून स्वतः पाइप आणणार असाल तर व्हर्नियर लावून माप लिहून न्या.

सगळ्यात अरुंद जागा

घोडबंदर रोड कितीही रुंद केला तरी गायमुखच्या घाटात गाड्या थांबतात. पाइपाचंही तसंच. टर्बोच्या तोंडाशी अडीच इंची फ्लेंज (पाइप बोल्टनं जोडायची कडी) आणि मागे चार इंची टेलपाइप, अशा गाड्या आमच्याकडे येतात. मागून रुबाब दिसतो, पण अडचण पुढं तशीच राहते. कापून सांधलेली काटकोनी वळणं, वाकवताना चेपलेला पाइप, आत सरकलेलं गॅस्केट, जाळी तुटून अडकलेला सायलेन्सर, यातलं एकही दुखणं पाइपाच्या मापानं बरं होत नाही.

म्हणून आम्ही आधी दाब मोजतो. साधन साधं आहे. सहा फुटी फळीवर पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वळवून बसवली आहे, तिच्यात रंगीत पाणी, शेजारी सेंटिमीटरची पट्टी. टर्बोपासून फूटभर पुढं, सरळ भागात, पाइपाला बारीक भोक पाडून नट वेल्ड करतो. त्यातून आधी तांब्याची नळी काढतो, नाहीतर प्लास्टिक वितळेल. फळी केबिनच्या मागच्या बाजूला उभी बांधतो, समोर मोबाइल लावून व्हिडिओ घेतो आणि माल भरलेली गाडी चढावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरनं चालवायला सांगतो. जागेवर उभ्या गाडीला रेस देऊन मोजण्यात अर्थ नाही. लोड नसला की टर्बो हवा भरत नाही आणि धूरही कमी निघतो. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक शंभर सेंटिमीटर म्हणजे जवळपास १० किलोपास्कल. साध्या पंपाच्या बऱ्याच जुन्या टर्बो इंजिनांची मर्यादा याच आसपास असते. शेवटचा आकडा मात्र तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातला धरायचा.

एका सहाचाकी गाडीत हा फरक १४० भरला. मालकांना पाइप बदलूनच हवा होता. आम्ही टर्बोजवळचा बेलोज (पाइपातला लवचीक, घड्यांचा तुकडा) सोडून उजेडात धरला, तर आतलं पातळ अस्तर फाटून फुलासारखं उमललेलं होतं आणि निम्मं भोक त्यानंच अडवलं होतं. बाहेरून बेलोज नवाकोरा. तेवढा एक बदलला आणि फरक ६५ वर आला. तीन इंची पाइप तोच राहिला.

काळ्या धुराबद्दलही इथंच सांगतो. धूर काळा म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी. आधी एअर फिल्टर, इंटरकूलरच्या (टर्बोनं भरलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजच्या क्लिपा, इंजेक्टर तपासा. पंपाची सेटिंग वाढवून घेतली असेल तर ती पूर्ववत करा. वाढवलेल्या डिझेलवर मोठा पाइप हा उपाय नाही.

एक्झॉस्ट ब्रेक

यावर आम्ही कुणाशी तडजोड करत नाही. खंडाळ्याहून खोपोलीला माल भरून उतरताना चाकांचे ब्रेक तापू नयेत म्हणून जी झडप पाइप बंद करून इंजिनाला आवळते, ती "अडथळा" समजून काढून टाकलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. उघडी असताना ती झडप फारसा अडथळा करत नाही. अडथळा जाणवत असेल तर ती काजळीनं अर्धवट अडकली आहे, ती साफ करून मोकळी करायची. पाइप मोठा करताना झडप मूळच्या मापाचीच ठेवतो आणि तिच्या पुढंमागं निमुळते जोड देतो. झडपेच्या अलीकडे एखाद्या गॅस्केटमधून धूर निसटत असेल तर घाटात ब्रेक ढिला लागतो. म्हणून इंजिनाकडचा प्रत्येक जोड आम्ही साबणाच्या पाण्यानं तपासूनच गाडी सोडतो.

पाइप टांगण्याबद्दल

पाइप तापला की वाढतो. चार मीटर लोखंडी पाइप तीनशे अंशांनी तापला तर सुमारे १४ मिमी लांबतो. त्याला जागा नसेल तर तो टर्बोला ढकलतो आणि मॅनिफोल्डचे (सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या भागाचे) स्टड तुटतात. म्हणून टर्बोजवळ बेलोज आणि मागे रबरी हँगर हवेतच. बेलोजवर पाइपाचं वजन येऊ द्यायचं नाही. त्याच्या लगेच मागं चासीला आधार द्यायचा. टोक खाली किंवा डावीकडे वळवत नाही, तिकडे माणसं चालतात. पेट्रोल-डिझेलच्या टँकरचे नियम वेगळे आहेत, ती कामं आम्ही घेत नाही.

येताना आरसी आणा, इंजिनाच्या पाटीचा फोटो आणा, कुठल्या रस्त्यानं किती टन नेता ते सांगा. गाडी रात्रभर उभी असेल तर उत्तम, तापलेला पाइप दोन तास हाताळता येत नाही. मोजणीसाठी माल भरलेली गाडी लागते, म्हणून फेरीला निघतानाच या. काम झाल्यावर पाचशे किलोमीटरनी परत या; तापून-निवून नट सैल होतात, ते आम्ही मोफत आवळून देतो.