महिन्यातून किती दिवस डोकं दुखतं?

मायग्रेनचा, म्हणजे अर्धशिशीचा त्रास घेऊन मेंदूविकारतज्ज्ञाकडे गेलं की एक प्रश्न हमखास येतो: महिन्यातून किती दिवस दुखतं? त्यावर बहुतेक जण ‘चार-पाच वेळा’ असं सांगून मोकळे होतात. डॉक्टरांनी विचारलेले असतात दिवस, आपण सांगतो ॲटॅक.

हा फरक किरकोळ नाही. औषध घेतलं नाही किंवा ते लागू पडलं नाही, तर मायग्रेनचा एक ॲटॅक ४ ते ७२ तास चालतो. पाचच ॲटॅक आले, पण प्रत्येकाने तीन-तीन दिवस मुक्काम ठोकला, तर महिन्याचे १५ दिवस गेले! आणि वर्गीकरणात नेमका १५ हाच आकडा कळीचा आहे. महिन्याला १५ किंवा जास्त दिवस डोकेदुखी, तीही तीन महिन्यांहून अधिक काळ, आणि त्यातले किमान ८ दिवस मायग्रेनचे, असं असेल तर तो ‘क्रॉनिक’ मायग्रेन. त्याहून कमी असेल तर ‘एपिसोडिक’. बाकीच्या दिवशी नुसतं बोथट, डोकं आवळल्यासारखं दुखत असलं तरी ते दिवस १५ मध्ये धरायचे. नेमके हेच दिवस लोक हिशेबातून वगळतात, कारण त्या दिवशी ऑफिसही होतं आणि स्वयंपाकही.

अर्थात १४ आणि १५ यांच्यात मेंदूला काही भिंत दिसत नाही. ही रेघ तज्ज्ञांनी बसून आखलेली आहे, आणि एकच रुग्ण वर्षभरात तिच्या अलीकडे-पलीकडे जात राहतो. महिन्याचे बारा-तेरा दिवस डोकं धरून बसणाऱ्या बाईला ‘तुमचा एपिसोडिक आहे’ म्हणणं मला तरी फारसं उपयोगाचं वाटत नाही. उपचारात मात्र या रेघेला अर्थ आहे. बोटॉक्सच्या इंजेक्शनांना अमेरिकेत २०१० साली मान्यता मिळाली ती फक्त क्रॉनिक मायग्रेनसाठी. एपिसोडिकमध्ये त्यांचा ठोस फायदा दिसला नव्हता. ॲटॅक येऊच नयेत म्हणून रोज घ्यायच्या प्रोप्रॅनोलॉल, टोपिरामेटसारख्या गोळ्यांचा विचार मात्र खूप आधी, महिन्याचे चार-पाच दिवस वाया जाऊ लागले की सुरू होतो.

एपिसोडिकचा क्रॉनिक होण्यामागे बऱ्याचदा हात असतो तो पर्समधल्या गोळीचा. ट्रिप्टान, अर्गोटामिन (ॲटॅक आल्यावर घ्यायची मायग्रेनची खास औषधं) किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली वेदनाशामक गोळी महिन्यातून १० किंवा जास्त दिवस, साधी पॅरासिटामॉल १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं, तर गोळीच डोकेदुखी वाढवू लागते. दुखतं म्हणून गोळी, गोळीमुळे पुन्हा दुखणं. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळ्यांची स्ट्रिप मिळते, त्यामुळे याचा हिशेब कोणाकडेच नसतो.

म्हणून काही डॉक्टर प्रश्न उलटा विचारतात: डोकं अगदी हलकं, काहीच दुखत नाही, असे दिवस महिन्यात किती? ‘सहा-सात’ असं उत्तर आलं की आधीचे ‘चार-पाच वेळा’ निकालात निघतात. त्यापेक्षा भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करावी: दुखलं का, किती जोरात, कोणती गोळी घेतली, बायकांनी पाळीची तारीखही. अशी दोन-तीन महिन्यांची पानं डॉक्टरांपुढे ठेवावीत. गोळ्यांचा अतिरेक त्यात लगेच दिसतो. या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी कराव्या लागतात, कारण पहिले काही दिवस दुखणं उलट वाढतं. ते सोसलं की पुष्कळांचा आकडा १५ च्या खाली येतो.