कालचा व्यायाम आणि वर्षभराचा व्यायाम: मेटाबॉलिक सिंड्रोममध्ये कोण काय करतं

मेटाबॉलिक सिंड्रोम असलेला एक जण सहा महिने नेमाने चालतो. मग तीन आठवड्यांचा खंड पडतो, तो रक्त तपासतो, तर उपाशीपोटीची साखर पुन्हा पहिल्या जागी. ‘सगळं फुकट गेलं’ म्हणून तो चालणंच सोडतो. दुसरा जेमतेम आठवडाभर घाम गाळतो, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) उतरलेले बघतो आणि आजार गेला असं धरून चालतो. दोघांची गल्लत एकच. व्यायामाच्या एका सत्राचा परिणाम वेगळा आणि महिनोन्महिने सराव केल्याने शरीराच्या घडणीत होणारा बदल वेगळा. आरोग्यावरच्या लेखांत या दोन गोष्टी सतत एकाच वाक्यात कोंबलेल्या असतात आणि त्यातून माणसं खरोखर व्यायाम सोडतात, म्हणून हे लिहितोय.

निदानाची ओळख असेलच: कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) या पाचांपैकी तीन बिघडले की मेटाबॉलिक सिंड्रोम. चालावं की सायकल चालवावी, सकाळी की संध्याकाळी, यावर इथे वेळ घालवत नाही. जे वर्षानुवर्षं जमेल ते करावं.

एका सत्रात काय होतं ते आधी पाहू. स्नायू आकुंचन पावला की ग्लूट-४ नावाची वाहक प्रथिनं पेशीच्या आतून पृष्ठभागावर येतात आणि रक्तातली साखर आत ओढतात. यासाठी इन्सुलिनच्या निरोपाची गरज पडत नाही. या आजारात बिघाड असतो तो इन्सुलिनच्या निरोपात. आकुंचनाचा मार्ग निराळा असल्यामुळे तो बराचसा शाबूत असतो. म्हणून अगदी पहिल्या दिवशी, दमछाक होणाऱ्या माणसातही व्यायाम काम करतो. सत्र संपल्यावर स्नायू रिकामा झालेला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवणीतल्या साखरेचा, साठा भरून काढत असतो आणि इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतो. ही अवस्था साधारण २४ ते ७२ तास टिकते. जेवणानंतर रक्तात चढणारे ट्रायग्लिसराइडही दुसऱ्या दिवशी कमी चढतात. रक्तदाब काही तास, कधी जवळजवळ दिवसभर, खाली राहतो. आणि मग हे सगळं ओसरतं. सहा महिन्यांच्या सरावानंतरही ओसरतं.

सरावाने होणारा बदल सावकाश येतो. स्नायूत मायटोकाँड्रिया (पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) वाढतात, केशवाहिन्या दाट होतात, ग्लूट-४ चा एकूण साठाच मोठा होतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, पोटातली चरबी कमी होते. या बदलाचं सगळ्यात चांगलं माप म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते. नॉर्वेतल्या ट्रॉनहेम इथल्या संशोधकांनी २००८ साली मेटाबॉलिक सिंड्रोमच्या रुग्णांवरचा १६ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. जोरदार टप्प्यांचा व्यायाम करणाऱ्यांची ही क्षमता ३५ टक्क्यांनी वाढली, तर मध्यम गतीने सलग व्यायाम करणाऱ्यांची १६ टक्क्यांनी. वजन मात्र दोन्ही गटांत थोडंसंच आणि जवळपास सारखंच उतरलं. वजनकाट्यावरून व्यायामाला नापास करणाऱ्यांचा मला राग येतो तो यामुळेच. काट्याला यातलं काहीच दिसत नाही.

हा बदलही कायमचा नसतो. १९६६ मध्ये डॅलसला पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं, तेवढ्यात त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता चौथ्या हिश्श्याहून जास्त घसरली. रोजचे व्यवहार चालू असताना घसरण इतकी तीव्र नसते, पण काही आठवड्यांच्या खंडात ती सुरू होतेच. ‘९० दिवसांत सिंड्रोम उलटवा’ छापाच्या मोहिमा म्हणूनच मला पटत नाहीत. एक्याण्णवाव्या दिवशी काय करायचं, हे त्यात कुणी सांगत नाही.

आता तपासणीचे आकडे. साखर आणि ट्रायग्लिसराइड यांवर शेवटच्या सत्राची छाप मोठी असते. कमरेचा घेर आणि एचडीएल सरावाच्या गतीने चालतात. त्यातही एचडीएल हट्टी, वाढलं तरी थोडंच वाढतं. रक्तदाबावर दोन्हींचा हात असतो. त्यामुळे एकदा व्यायामाच्या दुसऱ्याच सकाळी रक्त दिलं आणि पुढच्या वेळी चार दिवस आराम करून दिलं, तर त्या दोन अहवालांची तुलना करूच नये. सरावाचा परिणाम मोजायचा असतो तेव्हा संशोधक शेवटच्या सत्रानंतर दोन-तीन दिवस जाऊ देतात. आपण निदान दर वेळी अंतर सारखं ठेवावं आणि अहवालावर ते लिहून ठेवावं.

माझा आग्रह सरळ आहे: लागोपाठ दोन दिवसांहून जास्त खाडा नको. रविवारी तीन तास घासून उरलेला आठवडा बसून काढण्यापेक्षा एक दिवसाआड चाळीस मिनिटं बरी, कारण पहिला परिणाम ओसरायच्या आत दुसरा सुरू होतो. सराव जमत गेला की त्याच चाळीस मिनिटांत जास्त स्नायू, जास्त जोराने राबवता येतात, म्हणजे प्रत्येक सत्राचा लाभही वाढतो. दोन गोष्टी वेगळ्या असल्या तरी एकमेकींना धरून आहेत त्या इथे. आठवड्यातून दोनदा वजनं उचलणंही यात हवंच. साखर सामावून घेणारा सगळ्यात मोठा अवयव स्नायूच आहे.

इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली (शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी) गोळी चालू असलेल्यांनी हा फरक आणखी एका कारणासाठी ध्यानात ठेवावा. संध्याकाळच्या जोरदार सत्राचा परिणाम रात्रभर चालू राहतो आणि झोपेत साखर फार खाली जाऊ शकते. व्यायाम वाढवण्याआधी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या, आणि नव्या वेळापत्रकाच्या पहिल्या काही रात्री झोपण्यापूर्वी साखर मोजा.