‘डाव्या हातातून रक्त काढू देऊ नका’ : एका सूचनेमागचा इतिहास

रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट चालेना की साठणारी घाण) वाढत चाललेला पेशंट मिरजेला किंवा कराडला किडनीच्या डॉक्टरांकडे गेला की एक गोष्ट त्याला हमखास सांगितली जाते. डाव्या हातातून रक्त काढू देऊ नका, त्या हाताला सलाईन लावून घेऊ नका, बीपीसुद्धा उजव्या हातालाच बघायला सांगा. (डावखुऱ्यांनी उजवा हात जपायचा.) पेशंट मान हलवतो. पुढच्या आठवड्यात अशक्तपणा वाटतो म्हणून गावातल्या दवाखान्यात त्याच हाताला सलाईन लावून घेतो. त्याचा दोष नाही, कारण हात का जपायचा हे त्याला कुणी नीट सांगितलेलंच नसतं. पुढे डायलिसिस, म्हणजे मशिनने रक्त साफ करणं, लागलं तर त्याच हातातली शीर कामाला येते. त्यामागे मोठा इतिहास आहे.

डायलिसिसचं पहिलं कामाचं मशिन हॉलंडमध्ये १९४३ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तयार झालं. विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरच्या डोळ्यांसमोर २२ वर्षांचा एक मुलगा किडनी बंद पडून गेला होता. रक्तातला युरिया रोज थोडा थोडा काढता आला असता तर तो जगला असता, हा विचार कोल्फला सोडेना. सॉसेज भरायला वापरतात ती सेलोफेनची नळी त्याने लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती गुंडाळली आणि ते पिंप मिठाच्या पाण्यात फिरवलं. रक्त नळीतून जाताना त्यातली घाण बाहेरच्या पाण्यात उतरायची. सुरुवातीचे जवळजवळ सगळे पेशंट दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई शुद्धीवर आली आणि जगली.

पण एक अडचण राहिलीच. दर वेळी रक्त काढायला आणि परत सोडायला रक्तवाहिनी कापावी लागे, आणि एकदा वापरलेली जागा पुन्हा कामाला येत नसे. म्हणून ज्याची किडनी काही दिवसांपुरती बंद पडली असेल आणि परत सुरू होणार असेल, त्यालाच या मशिनचा उपयोग होता. ज्याची किडनी कायमची गेली त्याला काही वेळानंतर टोचायला जागाच उरत नसे. मशिन होतं, पण रक्तापर्यंत पोचायची वाट संपायची. ही अडचण सुटायला १७ वर्षं गेली. १९६० मध्ये अमेरिकेत सिएटलला बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी हाताच्या धमनीत आणि शिरेत कायमची बसवली. त्यांचा पहिला पेशंट पुढे ११ वर्षं जगला. किडनी कायमची निकामी होऊनही माणूस मशिनच्या जोरावर वर्षानुवर्षं जगू शकतो, हे तेव्हा दिसलं.

मात्र ती नळी चामडीबाहेर राहायची, त्यामुळे जंतुसंसर्ग व्हायचा, गुठळ्या धरायच्या. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी बाहेरची नळी काढूनच टाकली. त्यांनी मनगटाजवळची धमनी आणि शीर एकमेकींना जोडली. धमनीचा जोर शिरेत आला की शीर फुगते, जाड होते, मोठ्या सुया पुन्हा पुन्हा सोसते. हाच फिस्टुला. बोट ठेवलं की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. पण शीर तयार व्हायला साधारण ६ ते ८ आठवडे जातात, काहींना त्याहून जास्त. आणि जोडायला मुळात चांगली शीर लागते. सलाईनच्या सुयांनी ती आधीच कडक करून ठेवली असेल तर सर्जन जोडणार काय?

आमच्या तासगावकडे माझ्या मामांना फिस्टुला करायला सांगितलं तेव्हा द्राक्षाचा माल उतरत होता. मामा म्हणाले, खरड छाटणी होऊ दे. मग म्हणाले, ऑक्टोबर छाटणी उरकू दे. फिस्टुला केला म्हणजे आपण डायलिसिसला लागलो, ही भीती त्यामागे होती. दिवाळीत एका रात्री दम लागला, अंगभर सूज आली, आणि गळ्याच्या शिरेत नळी घालून डायलिसिस करावं लागलं. फिस्टुला नंतर झालाच, पण मधले महिने त्या नळीच्या तापाथंडीत गेले. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. फिस्टुलासाठी कुणाची तरी एक छाटणी तरी पुढे ढकलली जावी म्हणून लिहितोय.

पैशाची अडचण मागच्या काही वर्षांत बरीच हलकी झाली. २०१२ मध्ये गरिबांना मोफत उपचार देणारी राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात सोलापूर होतं, सांगली-सातारा नव्हते. २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर लागू झाली, आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. २०१६ मध्ये केंद्राने गरिबांसाठी जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिसचा कार्यक्रम आणला. तरी जतहून किंवा दहिवडीहून येणाऱ्याचं एसटीचं भाडं आणि सोबत्याची बुडालेली मजुरी उरतेच.

खाण्यापिण्याचं बोलायचं तर आपल्या भागाचं वैभवच आड येतं. बेदाणे, उसाचा रस, शहाळं यांत पोटॅशियम भरपूर, आणि ते वाढलं तर हृदय थांबू शकतं. पाणी तांब्याने नाही, मापाने प्यायचं. घरच्यांचा गोंधळ होतो तो डाळ-अंड्यांवरून. आधी प्रथिनं कमी करायला सांगितलेली असतात आणि डायलिसिस सुरू झाल्यावर वाढवायला सांगतात, कारण मशिनमधून तीही थोडी निघून जातात.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सहसा आधी बोलली जात नाही. फिस्टुलाच्या हातात घट्ट बांगड्या चालत नाहीत, घागर-कळशीचं वजनही नको. नवरा हयात असताना एक हात मोकळा ठेवणं आपल्या गावांत साधी गोष्ट नाही, लोक विचारतात. म्हणून ऑपरेशनच्या आधीच सासूला किंवा जावेला दवाखान्यात सोबत न्यावं आणि डॉक्टरांकडूनच हे त्यांच्या कानावर घालावं. बांगड्या दुसऱ्या हातात भरता येतात.