जिल्हा परिषद आणि जिल्हा नियोजन समिती: निवडून कोण येते, पैसा कोण वाटते

गावचा रस्ता रखडला की कोणी ‘झेडपी’ला म्हणजे जिल्हा परिषदेला बोल लावतो, तर कोणी ‘डीपीडीसीतून’ म्हणजे जिल्हा नियोजन समितीतून ‘निधीच आला नाही’ असे सांगतो. दोन्ही नावे जिल्ह्याच्या विकासाशी जोडलेली असल्याने त्यांची सरमिसळ होते. वास्तविक या संस्थांची घडण आणि त्यांची उत्तरदायित्वे निराळी आहेत, आणि महाराष्ट्रात सत्तेचे विकेंद्रीकरण कुठे अडले आहे हे त्यांच्या परस्परसंबंधात स्पष्ट दिसते.

जिल्हा परिषद ही मतदारांनी थेट निवडलेली शासनसंस्था आहे. वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पंचायत राजची शिफारस करणाऱ्या केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीचा भर तालुका पातळीवरील पंचायत समितीवर होता. महाराष्ट्राने मात्र जिल्हा हा स्तर बळकट केला आणि जिल्हाधिकाऱ्यांना या रचनेबाहेर ठेवले. तो निर्णय धाडसी होता, असे मला आजही वाटते. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रस्ते, पशुवैद्यकीय दवाखाने अशी कामे परिषदेकडे आहेत. सदस्य आपल्यातून अध्यक्ष निवडतात आणि मुख्य कार्यकारी अधिकारी अंमलबजावणी पाहतात.

जिल्हा नियोजन समितीला कोणी थेट मत देत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने आणलेल्या कलम २४३ झेडडीनुसार पंचायतींचे व नगरपालिकांचे आराखडे एकत्र करून जिल्ह्याचा विकास आराखडा तयार करणे हे तिचे काम आहे. तिचे किमान चारपंचमांश सदस्य स्थानिक संस्थांच्या निर्वाचित सदस्यांनी आपल्यातून निवडायचे असतात. ती शाळा चालवत नाही की दवाखाना. घटनेच्या दृष्टीने ती खालून आलेल्या मागण्यांची सांगड घालणारी समिती आहे.

व्यवहारात मात्र हा क्रम उलटा झाला. १९९८ च्या राज्य कायद्याखालील या समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडे असते आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असतात. जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा राज्याच्या अर्थसंकल्पातून येतो, त्याची मर्यादा राज्य ठरवते आणि कामांना मंजुरी याच बैठकीत मिळते. परिणामी, मतदारांना ज्यांनी उत्तर द्यायचे ते परिषदेचे पदाधिकारी निधीसाठी मंत्र्यांकडे पाहतात, आणि जे निधी वाटतात त्यांना त्या गावच्या मतदाराला सामोरे जावेच लागते असे नाही. शिक्षक जिल्हा परिषदेचे कर्मचारी असले तरी त्यांच्या बदल्यांचे धोरण मंत्रालयात ठरते. तीच गत इथे पैशाची आहे. जबाबदारी खाली येते, निर्णय वरच राहतो.

याला पर्याय नाही असे नाही. केरळमध्ये जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद जिल्हा पंचायतीच्या अध्यक्षांकडे असते आणि १९९६ मध्ये सुरू झालेल्या लोकनियोजन मोहिमेत राज्याने योजना खर्चाचा सुमारे ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांच्या हाती दिला. आधी पैसा दिला आणि क्षमता कामातून वाढवली, हा त्यातील महत्त्वाचा धडा आहे. ‘गावपातळीवर क्षमता नाही’ हे कारण पुढे करून आपल्याकडे अधिकार रोखले जातात, पण ज्यांना निर्णय घेण्याची संधीच मिळत नाही त्यांची क्षमता सिद्ध कशी व्हावी?

दोहोंतील फरक २०२२ नंतर अधिकच उघड झाला. निवडणुका लांबल्याने अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपून मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले, आणि स्थानिक संस्थांतून येणारे नियोजन समितीचे सदस्यही त्यामुळे उरले नाहीत. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेणे कलम २४३ ई नुसार बंधनकारक असतानाही हे घडले. तरीही पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील बैठका भरत राहिल्या, वार्षिक योजना मंजूर होत राहिल्या आणि निधीचे वाटप निर्वाचित स्थानिक प्रतिनिधींवाचून चालू राहिले.