प्रतिमांमधील वैशिष्ट्यबिंदूंची व आकारांची जुळणी

एकाच दृश्याच्या किंवा वस्तूच्या निरनिराळ्या प्रतिमांमधील परस्परांशी मिळणारे बिंदू आणि बाह्याकार संगणकाकरवी शोधण्याची प्रक्रिया. संगणकीय दृष्टी या शाखेत छायाचित्रे जोडून विस्तृत चित्र तयार करणे, छायाचित्रांवरून त्रिमितीय रचना उभी करणे, यंत्रमानवाला स्वतःचे स्थान ठरवता येणे ही कामे तिच्यावर अवलंबून असतात. कॅमेऱ्याचे अंतर, कोन किंवा प्रकाश बदलला की त्याच बिंदूची पिक्सेलमूल्ये बदलतात. म्हणून दोन प्रतिमांचे पिक्सेल थेट ताडून पाहणे सहसा पुरेसे पडत नाही.

प्रत्येक बिंदू जुळणीला योग्य नसतो. एकरंगी पृष्ठभागावरचा बिंदू शेजारच्यापासून वेगळा ओळखता येत नाही आणि सरळ कडेवरचा बिंदू कडेच्याच दिशेने सरकला तर ते कळत नाही. कोपऱ्यावरून मात्र कोणत्याही दिशेने सरकले तरी भोवतालची प्रकाशतीव्रता बदलते. ख्रिस हॅरिस आणि माइक स्टीफन्स यांचा १९८८ मधील कोपराशोधक याच तत्त्वावर आधारलेला आहे. प्रतिमा फिरवली तरी तो टिकतो, लहानमोठी केली तर अडखळतो. ही उणीव डेव्हिड लो यांच्या सिफ्ट पद्धतीने (१९९९; सविस्तर मांडणी २००४) दूर केली. तीत प्रतिमा वेगवेगळ्या प्रमाणांत धूसर करून, लगतच्या पातळ्यांमधील फरक जेथे स्थानिक कमाल किंवा किमान होतो असे बिंदू निवडतात. प्रत्येक बिंदूची प्रमुख दिशा ठरवून त्याच्या परिसराचे १६ चौकोन केले जातात आणि प्रत्येक चौकोनातील तीव्रताबदलांची ८ दिशांत नोंद घेतली जाते. अशा रीतीने त्या बिंदूचे १२८ संख्यांचे वर्णन मिळते. २०११ मधील ऑर्ब पद्धतीत हेच वर्णन २५६ द्विमान (० किंवा १) अंकांचे असल्याने तुलना फार वेगाने होते.

वर्णनांतील अंतर सर्वांत कमी असलेली जोडी खरी असेलच असे नाही. इमारतीच्या एकसारख्या खिडक्यांचे कोपरे एकमेकांशी सहज जुळतात, पण त्या जुळणीला अर्थ नसतो. म्हणून लो यांनी सर्वांत जवळच्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या बिंदूंपर्यंतच्या अंतरांचे गुणोत्तर तपासून, ते ०.८ पेक्षा जास्त असल्यास जोडी नाकारण्याचे सुचवले. सिफ्टच्या यशात वर्णनाइतकाच या साध्या कसोटीचाही वाटा मानावा लागेल. तीतूनही निसटलेल्या चुकीच्या जोड्या मार्टिन फिशलर आणि रॉबर्ट बोल्स यांच्या रॅनसॅक पद्धतीने (१९८१) वेगळ्या काढता येतात: मोजक्या जोड्या यादृच्छिकपणे निवडून त्यांवरून भूमितीय रूपांतर (एका प्रतिमेतील बिंदू दुसरीत कोठे जातील हे सांगणारा नियम) काढायचे, इतर किती जोड्या त्याला अनुकूल आहेत ते मोजायचे आणि सर्वाधिक पाठिंबा मिळालेले रूपांतर स्वीकारायचे. सपाट पृष्ठभागाच्या दोन प्रतिमांसाठी चार जोड्या लागतात. निम्म्या जोड्या चुकीच्या असल्या, तरी चारही बरोबर निघण्याची संभाव्यता १/१६ असते. त्यामुळे सुमारे ७२ निवडींत एकदा तरी निर्दोष संच हाती येण्याची संभाव्यता ९९ टक्के होते.

पृष्ठभागावर पोत नसलेल्या वस्तूंसाठी बाह्याकाराचा आधार घ्यावा लागतो. मिंग-क्वेई हू यांची १९६२ मधील सात परिबलमूल्ये (आकारातील पिक्सेलांच्या विखुरण्यावरून काढलेल्या संख्या) आकाराचे स्थान, माप किंवा दिशा बदलली तरी स्थिर राहतात (सातव्याचे चिन्ह आरशातील प्रतिमेत उलटते), पण आकाराचा काही भाग झाकला गेला की निरुपयोगी ठरतात. डॅना बॅलार्ड यांनी १९८१ मध्ये व्यापक केलेल्या हफ रूपांतरणात प्रत्येक कडाबिंदू आकाराच्या संभाव्य स्थानांना मत देतो. काही बिंदू गहाळ असले तरी निकाल सहसा टिकतो. बेलाँजी, मलिक आणि पुझिचा यांच्या २००२ मधील पद्धतीत बाह्यरेषेवरील प्रत्येक बिंदूपासून इतर बिंदू किती अंतरावर व कोणत्या दिशेला आहेत याचे वितरण नोंदवून आकारांमधील बिंदूंच्या जोड्या ठरवल्या जातात.

अलीकडे बिंदूंची निवड, वर्णन आणि जुळणी चेताजालांकडून (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय रचनांकडून) शिकून घेतली जाते. सुपरग्लू (२०२०) पद्धतीत जोडीदार नसलेल्या बिंदूंसाठी वेगळा रकाना ठेवलेला असतो, तर लॉफ्टर (२०२१) बिंदू आधी न निवडताच जुळणी करते. अशा जुळण्यांवरून कॅमेऱ्याची स्थिती काढतानाही चुकीच्या जोड्या गाळण्यासाठी रॅनसॅक किंवा तिची सुधारित रूपे वापरली जातात.