क्रॉसबोची पाती का तुटतात? शिंगापासून काचतंतूपर्यंतचा प्रवास

शिकारीसाठी क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवं बसवलेलं आणि चापाने सुटणारं धनुष्य, घ्यायला निघालेला माणूस दुकानात आधी बाणाचा वेग विचारतो. पाती, म्हणजे दोरी ताणल्यावर वाकणारे धनुष्याचे दोन बाहू, किती टिकतील हा प्रश्न बहुधा पहिलं पातं तडकल्यावरच सुचतो. या हत्याराचा इतिहास पाहिला तर प्रश्नांचा क्रम उलट असायला हवा होता, कारण क्रॉसबोचा कारागीर दोन हजार वर्षं याच दुखण्याशी झुंजतो आहे.

दुखणं बांधणीतलंच आहे. साध्या धनुष्याची दोरी माणूस हात ताणून वीसेक इंच मागे खेचतो, त्यामुळे पन्नास-साठ पौंडांच्या ओढीतही बाणाला पुरेशी ऊर्जा मिळते. क्रॉसबोचं धनुष्य दस्त्यावर आडवं बसवलेलं असतं आणि दोरीला सरकायला जागा कमी मिळते. अंतर घटलं की तेवढीच ऊर्जा साठवायला ताण वाढवावा लागतो. म्हणजे आखूड पाती आणि त्यांच्यावर अवाढव्य भार. शिवाय ताणलेली दोरी चापावर अडकवून तासन् तास ठेवता येते, ही या हत्याराची मोठी सोय, आणि पात्यांना तो सगळा वेळ भार सोसावा लागतो.

चीनमध्ये युद्धमान राज्यांच्या काळापासून (इ.स.पू. पाचवं ते तिसरं शतक) क्रॉसबो सैन्यात सर्रास होता. शीआनजवळ सम्राटाच्या थडग्यापाशी पुरलेल्या मातीच्या सैनिकांच्या पुतळ्यांसोबत कांस्याचे चाप सापडले ते चांगल्या अवस्थेत, पण लाकडी पाती केव्हाच कुजून गेलेली. युरोपातही सुरुवात लाकडानेच झाली. ११३९च्या दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने ख्रिस्ती माणसांवर क्रॉसबो आणि धनुष्य चालवायला मनाई केली, तिचा रणांगणावर फारसा परिणाम दिसत नाही. साठ वर्षांनी, ११९९मध्ये, इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड फ्रान्समधल्या शालूच्या किल्ल्यापाशी क्रॉसबोच्या बाणाने जखमी झाला आणि ती जखम चिघळून गेला.

लाकडाच्या जागी पुढे मिश्र पाती आली. शिंगाच्या पट्ट्या, लाकूड आणि जनावरांच्या कंडरांचे तंतू सरसाने एकजीव करायचे आणि ओल शिरू नये म्हणून वरून भूर्जाची साल गुंडाळायची. मला विचाराल तर मध्ययुगातलं सर्वांत हुशार पातं हेच. दाब शिंग घेतं, ताण कंडरा घेतात, आणि सगळं मिळून वजनाला हलकं. पण सरस वाळायला महिनोन् महिने लागत, कारागिराचा हात मुरलेला असावा लागे आणि ओल लागली की सांधे सुटत.

चौदाव्या शतकात पोलादी पाती दिसू लागली आणि पंधराव्यात ती नित्याची झाली. ती पावसाला भीत नव्हती आणि लोहाराच्या भट्टीत लवकर तयार होत. पण त्यांचे दोन दोष होते. पहिला, पोलाद जड. साठलेल्या ऊर्जेचा मोठा हिस्सा पाती स्वतःला हलवण्यातच खर्च करत आणि बाणाच्या वाट्याला उरलंसुरलं येई. दुसरा दोष जिवाशी खेळणारा. त्या काळच्या पोलादात धातूची मळी आणि फॉस्फरस राहून जाई, कडाक्याच्या थंडीत असं पोलाद ठिसूळ होतं आणि पातं कसलीही सूचना न देता तुकडे होऊन उडतं. उत्तरेकडच्या शिकाऱ्यांनी पोलाद आल्यावरही शिंगाची पाती बराच काळ सोडली नाहीत, ती काही जुन्याच्या हौसेपायी नव्हे. नीट घडवलेलं पोलाद मात्र विलक्षण टिकतं. राल्फ पेन-गॉलवी या इंग्रज सरदाराने क्रॉसबोवर १९०३ साली ग्रंथ छापला. त्याने सुमारे १२०० पौंड ओढीच्या जुन्या पोलादी क्रॉसबोने वेल्समधल्या मेनाय सामुद्रधुनीपलीकडे साडेचारशे यार्डांच्या आसपास बाण टाकला होता. पातं शतकांचं जुनं, आणि तरी शाबूत.

बंदुका आल्यावर क्रॉसबो युद्धातून हटला आणि शिकार व नेमबाजीपुरता उरला. विसाव्या शतकाच्या मध्यात काहींनी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची पाती करून पाहिली. हलकी आणि गंजापासून मुक्त, पण पोलादासारखी थकव्याची सुरक्षित सीमा ॲल्युमिनियमला नाही. भार कितीही बेताचा ठेवा, वाकण्याचा प्रत्येक फेरा कुठेतरी जमा होत राहतो.

खरी कलाटणी काचतंतूंनी दिली. अमेरिकेत १९५०च्या आसपास फ्रेड बेअरने धनुष्यांना काचतंतूंचं अस्तर द्यायला सुरुवात केली. इपॉक्सीत एकाच दिशेने बसवलेले काचतंतू पोलादाच्या तुलनेत वजनाच्या प्रमाणात कितीतरी जास्त ऊर्जा साठवतात आणि परतही तेवढ्याच झटक्यात देतात. मग मिझुरीच्या हॉलेस विल्बर ॲलनने कॅम (पात्यांच्या टोकांवरची, आस मध्यावर नसलेली चाकं) आणि तारांचं कंपाउंड धनुष्य केलं. पेटंटचा अर्ज १९६६चा, पेटंट मिळालं १९६९ला. पुढे ही रचना क्रॉसबोवरही आली. कॅनडातल्या एक्सकॅलिबर कंपनीने मात्र १९८३पासून बिनकॅमची रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेली, पातीच धरून ठेवली. तिला ताकद जास्त लागते आणि ती रुंद असते, पण बिघडायला तिच्यात फारसं काही नाही, आणि दोरी रानातच बदलता येते.

अमेरिकेतल्या ओहायो राज्याने १९७६मध्ये हरणाच्या शिकारीला क्रॉसबोची परवानगी दिली आणि पुढच्या दशकांत एकेक राज्य मागोमाग येत गेलं. बाजार वाढला तशी वेगाची शर्यत लागली. ३०० फूट प्रति सेकंद ही एके काळी बढाई होती. २०२० नंतर ५०० फुटांची मॉडेलं आली. (ब्रिटनमध्ये १९८१च्या कायद्याने क्रॉसबोने रानटी जनावर मारणं गुन्हा आहे. भारतात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा शिकारीलाच मनाई करतो, त्यामुळे पुढचं सगळं ओहायो किंवा कॅनडातल्या ऑन्टारिओत परवाना काढून शिकारीला जाणाऱ्यांसाठी.)

या शर्यतीची किंमत पात्यांनी मोजली. ४०० ग्रेनचा (सुमारे २६ ग्रॅमचा) बाण ३०० फुटांच्या वेगाने सुमारे ८० फूट-पौंड ऊर्जा नेतो, ४०० फुटांच्या वेगाने १४२. ही जास्तीची ऊर्जा कुठून येणार? दोरीचा पल्ला थोडाफार वाढवता येतो, बाकीचा भार आखूड, जाड, मुद्दाम दोन पट्ट्यांत विभागून केलेल्या पात्यांवरच पडतो. आणि हरणासाठी तो लागतो का? ईस्टन या बाण बनवणाऱ्या कंपनीचा रूढ तक्ता हरणाच्या आकाराच्या जनावरासाठी २५ ते ४१ फूट-पौंड पुरेसे मानतो. म्हणजे ३०० फुटांचा क्रॉसबोसुद्धा गरजेच्या दुपटीला पोचलेला असतो. ३२०-३५० फुटांच्या पुढचा आकडा बव्हंशी जाहिरातीसाठी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र सगळीच पाती कारखान्याच्या चुकीने तुटत नाहीत. बाण न लावता चाप ओढला, तर बाणाला जायची सगळी ऊर्जा पात्यांत, कॅममध्ये आणि दोरीत उलटते. ठरवून दिलेल्या वजनापेक्षा हलका बाण लावला तर तोच प्रकार थोड्या प्रमाणात दरवेळी घडतो. शेपटाकडे दोरी बसायची खाच चुकीची असलेला बाण असला की दोरी त्याच्यावरून घसरते, आणि तेही जवळजवळ रिकाम्या फटक्याइतकंच वाईट. उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या क्रॉसबोचं इपॉक्सी मऊ पडतं आणि थर सुटू लागतात.

म्हणून विकत घेताना मी आधी ते मॉडेल बाजारात किती हंगाम टिकलंय ते बघेन, नवंकोरं पहिल्याच वर्षी घेणार नाही. सुटी पाती मिळतात का आणि रिकामा फटका रोखणारी कळ आहे का, हेही विचारेन. पात्यांची हमी दुसऱ्या मालकाला लागू होते का, हे जुना क्रॉसबो घेणाऱ्याने लेखी बघावं. बऱ्याचदा होत नाही. जुन्या पात्याच्या कडेवरून आणि दोन टोकांच्या फाट्यांवरून कापसाचा बोळा हळूच फिरवावा. तंतू उठलेला असेल तर कापूस तिथे अडकतो, आणि अडकला तर तो क्रॉसबो एकदाही ताणून न बघता परत द्यावा.