स्वीडनला बिऱ्हाड हलवताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

स्वीडनची नोकरी पक्की झाली की आमच्या चिंचवडच्या कार्यालयात पहिला प्रश्न येतो पगाराचा, दुसरा थंडीचा. दोन्हींची उत्तरं आहेत. पण बिऱ्हाड तिथे बसतं की नाही, हे बहुतेक वेळा कागदांवर आणि घरातल्या दुसऱ्या माणसावर ठरतं. म्हणून हे पत्रक नवराबायकोने एकत्र बसून वाचावं.

आधी आमच्या कामाबद्दल. आम्ही नोकरी लावून देत नाही. कामाच्या परवान्याची सुरुवात तुमची तिकडची कंपनी करते, मग तुम्ही तुमचा अर्ज भरता, आणि निर्णय तिथलं स्थलांतर खातं देतं. "परवाना काढून देतो, इतके लाख ठेवा" असं कोणी म्हणालं तर चहासुद्धा न घेता उठा. आम्ही दाखले गोळा करतो, त्यांतली नावं जुळवतो, अपोस्टिल (दाखला परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) करून आणतो आणि पोचल्यावर पहिले काही आठवडे फोनवर सोबत राहतो.

नावाचा घोळ

आमच्याकडे प्रकरण अडकतं ते नावावर. पासपोर्टात आपण स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात लिहितो. स्वीडनमध्ये ती दोन्ही त्या माणसाचीच नावं धरली जातात, आणि बालवाडीत तुमच्या मुलीच्या खुंटीवर 'अन्वी सचिन' अशी पट्टी लागते. तिथल्या कर खात्यात नोंद करताना हाक मारायचं नाव कोणतं, हे वेगळं सांगता येतं. आठवणीने सांगा.

बायकोचा पासपोर्ट आणि पदवी माहेरच्या नावाने, बँक सासरच्या नावाने, हे तर घरोघरी. अशा वेळी लग्नाचा नोंदणी दाखला हाच पूल. लग्नपत्रिका आणि फोटोंचा अल्बम चालत नाही. मुलाचा जन्मदाखला आजच काढून बघा. बारशाआधी नोंद झाली असेल तर नावाचा रकाना कोरा असतो, आणि तो भरून घ्यायला महापालिकेत खेटे घालावे लागतात. अपोस्टिल त्यानंतर : आधी राज्य शासनाची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का.

पोचल्यावरचा पहिला महिना

वर्षभर किंवा जास्त राहणाऱ्याला कर खातं, म्हणजे स्काटेवेर्केट, एक क्रमांक देतं. त्याला म्हणतात पर्सूननुम्मर : जन्मतारीख आणि पुढे चार आकडे. तो आला की बँक-आयडी, म्हणजे फोनवरची डिजिटल ओळख, मिळवता येतं, आणि बँक-आयडी असलं की फोनवरून पैसे देण्याचं 'स्विश'. तोपर्यंत तुम्ही देशात असूनही नसल्यासारखे. खिशात नोटा असून कॉफी मिळत नाही, कारण कित्येक दुकानं रोख घेतच नाहीत. पहिल्या महिन्यासाठी परदेशात चालणारं कार्ड दोघांकडेही हवं.

आणि दारावर नाव लावा. हसू नका. सरकारी पत्रं घरी टपालाने येतात आणि दारावर किंवा पत्रपेटीवर नाव नसेल तर पत्र परत जाऊ शकतं. आमच्या एका ग्राहकाचं पत्र दोनदा परत गेलं. घर दुसऱ्याच्या नावावर, दारावर मालकाचं आडनाव. शेवटी बायकोने वहीच्या कागदावर आडनाव लिहून चिकटपट्टीने लावलं, तेव्हा ते आलं.

घर तसंही बहुधा पोटभाड्याचंच मिळतं. स्टॉकहोममध्ये थेट करारासाठी रांग कित्येक वर्षांची आहे. धुण्याचं यंत्र अनेकदा इमारतीत सामाईक असतं आणि वेळ आधी राखावी लागते. दुसऱ्याच्या वेळेत दहा मिनिटं घुसलात तर दारावर चिठ्ठी लागते. अतिशय सभ्य भाषेत, आणि म्हणूनच जास्त झोंबणारी.

मुलं

"४८० दिवसांची रजा मिळते ना?" हो, पण पूर्ण हिशेब ऐका. हे पालकभत्त्याचे दिवस आईवडील मिळून आहेत. त्यांतले ३९० पगाराच्या प्रमाणात, उरलेले ९० अगदी किरकोळ दराने. प्रत्येकाचे ९० दिवस राखीव, म्हणजे बापाने ते घेतले नाहीत तर बुडाले. आणि सहसा कोणी सांगत नाही ती गोष्ट : मूल पहिल्या वाढदिवसानंतर स्वीडनला राहायला आलं तर दिवस २०० होतात, दुसऱ्यानंतर आलं तर १००. घरात दहा महिन्यांचं बाळ असेल तर "दिवाळी करून जाऊ" म्हणण्याआधी तारीख मोजा.

मूल आजारी पडलं तर घरी राहायला वेगळा भत्ता आहे, त्यासाठी कार्यालयात कोणी भुवया उंचावत नाही. बालवाडी वयाच्या पहिल्या वर्षापासून, शुल्क पहिल्या मुलासाठी उत्पन्नाच्या जास्तीत जास्त ३ टक्के आणि त्यालाही वरची मर्यादा. शाळा मोफत, दुपारच्या जेवणासकट. मात्र मुलावर हात उगारणं १९७९ पासून कायद्याने बंद आहे. "एक धपाटा तर घातला" हे तिथे चालत नाही, शाळा थेट समाजकल्याण खात्याला कळवते.

आजी-आजोबा आणि जोडीदार

बाळंतपणाला आईला सहा महिने बोलवायचा बेत असेल तर थांबा. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा छोट्या मुक्कामाचा व्हिसा) १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. २०२४ पासून पालकभत्त्याचे काही दिवस आजी-आजोबांना देता येतात ही बातमी खरी आहे, पण घेणाऱ्याचा तिथे सामाजिक विमा हवा. पुण्याहून व्हिसावर आलेल्या आजींना त्याचा उपयोग नाही.

जोडीदाराला सहसा कामाची मुभा मिळते. काम मिळणं वेगळं. संगणकक्षेत्रात इंग्रजीवर भागतं. शिक्षिका, परिचारिका, हिशेबनीस असाल तर स्वीडिश लागतेच. नगरपालिकेचे भाषेचे वर्ग मोफत आहेत, पर्सूननुम्मर आला की त्याच आठवड्यात नाव घाला. डिसेंबरात स्टॉकहोमला तीनच्या आत सूर्य मावळतो, आणि घरात एकट्या बसलेल्या माणसाला ती दुपार फार लांब जाते. आमच्या माहितीतली जी कुटुंबं परतली, त्यांतली बहुतेक याच कारणाने परतली, पगारासाठी नाही.

पहिल्या भेटीला दोघांचे पासपोर्ट, लग्नाचा आणि मुलांचे जन्माचे मूळ दाखले आणा. प्रेमाने लॅमिनेशन केलेले असतील तर आधी फोन करा, त्यांवर शिक्का बसत नाही आणि नवी प्रत काढावी लागते.